वाळूचा थर

दगडांनी भरलेला डोल विहिरीत अर्ध्या उंचीवर आला होता आणि वहिनीचा हात तो ओढणाऱ्या यारीच्या ब्रेकवर होता. इंजिन धडधडत होतं, दोर ताणलेला होता, आणि डोलाच्या काठावर कसाबसा बसवलेला एक डोक्याएवढा दगड हलला, सरकला आणि सुटला.

"बाजू!" ती ओरडली.

विहीर खणणाऱ्यांच्या धंद्यात हा शब्द एकदाच ओरडायचा असतो. खालचा माणूस वर बघत नाही, काय झालं म्हणून विचारत नाही. हातातलं टाकतो आणि पाठ भिंतीला चिकटवतो. तिच्या नवऱ्यानं, मिस्त्रीनं, स्वतः हे सगळ्यांना शिकवलं होतं, आणि न शिकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नव्हतं. पण आज खाली तोच होता आणि पहारीनं कपार उकरत होता, तो तसाच वाकलेला राहिला. दगड त्याच्या खांद्याला वारा घालत गेला आणि चिखलात रुतला. पायावर चिखल उडाला तेव्हा कुठं त्यानं मान वळवली, दगडाकडं पाहिलं, मग वर पाहून हात हलवला. जणू कुणी सहज हाक मारली होती.

वहिनीनं इंजिन बंद केलं.  डबर उपसून टाकणारा तिचा दीर, सगळे ज्याला धाकटा म्हणायचे, तो काठावर येऊन उभा होता. त्यानंही सगळं पाहिलं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एरवी अशा वेळी तो चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. आज नाही. पाठ फिरवून ढिगाकडं गेला आणि नीट पडलेलंच डबर पुन्हा फावड्यानं सारखं करत बसला.

हे तिघांचं घर विहिरी खणून जगत होतं. तिला अख्खं गाव वहिनी म्हणायचं, कारण धाकटा तिला तशी हाक मारायचा आणि त्याचा आवाज तीन शेतांपलीकडं जायचा. बागवाल्याची ही विहीर त्यांनी थंडी सरताना धरली होती. मुरूम गेला, करडा मांजऱ्या दगड गेला, आणि मग लागला वाळूचा थर. वाळूचा थर म्हणजे बोळक्या तोंडाचा म्हातारा, हसला की आतलं सगळं बाहेर. त्याला दगडी बांधकामाचं कडं घालून आवळल्याशिवाय खाली जाता येत नाही. त्यातून शेजारून पाट जात होता. पाटाला पाणी सुटलं की ते जमिनीतून झिरपत वाळूत येणार आणि थर बसणार. म्हणजे वरचं कडं अधांतरी लोंबकळणार, की एवढ्या महिन्यांची मेहनत पुन्हा खड्ड्यात. बागवाला रोज मोटारसायकलवर यायचा आणि पाटकऱ्यानं आज काय सांगितलं ते ऐकवून जायचा. पाणी आज सुटेल, उद्या सुटेल, असं चाललं होतं.

आणि नेमका तेव्हाच मिस्त्रीच्या नडगीत घणाची कपची घुसली. त्यानं चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. पाय सुजला, तापानं अंग फणफणलं, जखमेतून वास यायला लागला. मग गिरणीशेजारच्या खोलीत बसणाऱ्या सुईवाल्याकडं त्याला नेलं. सुईवाला पूर्वी एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. डॉक्टर गेले, हा राहिला. त्यानं जखम कापून धुतली आणि कमरेत रोज एक जोरदार सुई दिली. ताप उतरला, जखम सुकली, मिस्त्री पुन्हा विहिरीत उतरला. वहिनीनं चार जणींत सुईवाल्याचं कौतुकही केलं होतं, की त्याच्या हाताला यश आहे.

पण माणूस बरा झाला म्हणता म्हणता काहीतरी बिनसत चाललं होतं. तिला ते दिसत होतं, धरता येत नव्हतं. आज तो दगड पडल्यापासून ती त्याच्यावर नजर ठेवून होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मिस्त्री उंबऱ्यावर बसून बूट काढायला लागला. बूट निघेना. त्यानं टाच दुसऱ्या पायानं दाबली, भिंतीला अडकवून ओढली, शेवटी तिनं समोर बसून दोन्ही हातांनी ओढला तेव्हा बूट निघाला आणि ती मागं पडली. एरवी तो हसला असता. आता तो धापा टाकत होता. तिनं त्याच्या चांगल्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीवर राहावा तसा.

"पाणी देऊ?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळीच," तो म्हणाला.

ती थांबली. मग तांब्या आणायला म्हणून उठली आणि त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "अहो." तो पायाकडं बघत होता. ती जरा मोठ्यानं म्हणाली, "अहो." मग चांगली खणखणीत हाक मारली. समोरच्या घरातली शेजारीण भांडी घासायची थांबून वळून बघायला लागली. मिस्त्री वळला नाही.

तिनं पुढं येऊन त्याचा खांदा हलवला आणि कधीपासून ऐकू येत नाही असं विचारलं. त्यानं आधी उडवून लावलं. मग कबूल केलं की कानात रातकिडे ओरडतात, थांबतच नाहीत, आणि उभं राहिलं की जमीन होडीसारखी डुलते. हे इंजिनाच्या आवाजानं होतंय, काम संपलं की जाईल. त्याला वाटत होतं तो नेहमीच्या आवाजात बोलतोय. प्रत्यक्षात तो ओरडत होता आणि शेजारीण सगळं ऐकत होती.

"लघवीला गेला होतात का आज?" तिला हेही ओरडूनच विचारावं लागलं. शेजारणीनं मान खाली घातली.

मिस्त्रीचा चेहरा लाल झाला. "दिवसभर घाम गाळतो," तो म्हणाला, "उरतंय काय त्यासाठी?"

सकाळी त्याला उलटी झाली. पोटात काही नव्हतं तरी झाली. तोंडाला गंजलेल्या लोखंडाची चव येते म्हणाला. उचकी लागली ती थांबेना. चेहरा असा सुजला होता की डोळे आत गेल्यासारखे दिसत होते. आणि हा माणूस भिंतीला धरत धरत बूट शोधत होता. वाळूच्या थरात कडं घालायचं थोडंच राहिलंय, आज उरकलं की झालं, एवढंच त्याचं पालुपद.

वहिनी भांडली नाही. इंजिन चालू करायचं हँडल पिशवीत असायचं. ते तिनं काढलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसली.

धाकटा दारात आला. "आज राहू दे दादाला," तो म्हणाला, "मी जातो खाली. वर कुणाला तरी घेतो." तो हे भिंतीकडं बघत म्हणाला. दादाला काय झालंय, असं त्यानं विचारलं नाही. हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती.

काम का थांबलं म्हणून बागवाला तणतणत आला. बाहेरूनच त्यानं सुरुवात केली की पाटाचं दार उद्या उघडणार, तुम्ही लोक घरात काय बसलात. मग तो आत आला आणि त्यानं मिस्त्रीचं तोंड पाहिलं. त्याची जीभ जागच्या जागी थांबली. तसाच बाहेर गेला आणि घटकाभरात त्याची भाजीची गाडी दारात उभी राहिली. टोपल्या बाजूला सारून मिस्त्रीला मागं झोपवलं. वाटभर वहिनी त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती, आणि धाकटा पाठीमागच्या फळीवर, धूळ खात, दोघांकडं पाठ करून.

शहरातल्या सरकारी रुग्णालयात आधी रक्त घेतलं, मग लघवीसाठी नळी घातली. नळीला लावलेल्या पिशवीत बराच वेळ काही आलं नाही. मग तळाशी काळ्या चहासारखं थोडंसं साचलं. डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, धाकट्याच्याच बरोबरीच्या असतील. त्यांनी कागद पाहिला, मिस्त्रीच्या कानाजवळ टाळी वाजवून पाहिली आणि वहिनीला बाहेरच्या बाकावर घेऊन बसल्या.

"दोन्ही किडन्यांनी काम सोडलंय," त्या म्हणाल्या. "कसली औषधं चालू होती?"

वहिनीनं सांगितलं. जखम, ताप, सुईवाला, रोजची सुई.

"किती दिवस?"

"पाच. मग बंद. त्यालाही आता बरेच दिवस झाले."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. त्या म्हणाल्या की काही सुया अशा असतात, जंतू मारता मारता किडनीला आणि कानाला धरतात. उन्हात घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा माणूस असला तर जास्तच. पण एवढ्याच सुया आणि त्याही केव्हाच थांबल्या असतील, तर हे एवढं व्हायला नको. म्हणजे दुसरं काही कारण आहे का, ते शोधावं लागेल. कदाचित सुई टोचून किडनीचा तुकडाही काढून तपासावा लागेल, आणि आज या अंगाला ते झेपेल असं वाटत नाही. "नक्की कोणतं औषध, किती, आणि शेवटचं कधी, हे मला समजलं तर बरं होईल," त्या म्हणाल्या. "रक्त तर आता मशीनवर शुद्ध करावंच लागेल. पण पुढचं त्यावर ठरेल."

धाकटा जवळच उभा होता. तो एकदम उसळला. सुईवाल्याचं नाव काढून म्हणाला की त्याचे हात मोडतो, त्याची खोली पेटवतो, त्यानंच माझ्या भावाला मारलं. व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. डॉक्टरबाई उठून गेल्या. वहिनीनं त्याला गप्प बसवलं आणि गावी परत पाठवलं, घराला कुलूप लाव, कपडे आण म्हणून. तो गेला तो कपडे घेऊन आलाच नाही.

मिस्त्रीला मशीनवर घेतलं. मानेत जाड नळी घातली, त्यातून रक्त बाहेर जायचं, मशीनमधून फिरून परत यायचं. त्याचं आपलं बोलणं चालूच, आणि तेही ओरडून, की वाळू बसेल, धाकट्याला सांग फळ्या लावून घे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वैतागून म्हणाला, तुमच्या विहिरीची सगळी हकीकत आम्हाला पाठ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण डबा घेऊन आली तेव्हा तिला खाटेजवळ बसवून वहिनी गावी गेली. गिरणीशी उतरली तर सुईवाल्याच्या खोलीची खिडकी फुटलेली, काचा रस्त्यावर, दार आतून बंद. गिरणीपुढं दळणाला आलेली माणसं तिच्याकडं हळहळून बघत होती. एक जण म्हणाला, तुमच्या दिरानं बरं केलं, असल्यांना असंच पाहिजे.

तिनं दार वाजवलं. कितीतरी वेळानं फट पडली. सुईवाल्याच्या कपाळावर पट्टी होती, त्यानं स्वतःच बांधलेली, वाकडी. तो मागं सरला. तिच्यापाठी आणखी कोण आहे ते आधी बघून घेतलं.

ती आत जाऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली की भांडायला आले नाही, औषधाचं नाव पाहिजे.

त्यानं कपाटातून रिकामं खोकं काढून तिच्या हातावर ठेवलं.  तो म्हणाला, "मी पाचच दिल्या. त्याच्या पुढं देत नाही मी, कुणालाही. सहाव्या दिवशी आले होते दोघं, अजून द्या म्हणत होते. मी नाही म्हटलं. शहरात जाऊन रक्त तपासून घ्या, पाणी पाजा, दुखण्याची गोळी देऊ नका, सगळं सांगितलं."

"कुणाला सांगितलंत?"

"तुमच्या दिराला. मिस्त्री बाहेर बसले होते."

"मग काल हे बोलला का नाहीत?"

"बोललो की," सुईवाला म्हणाला आणि कपाळाच्या पट्टीला हात लावला. "त्यावर हे मिळालं."

ती खोकं घेऊन बाहेर आली. उन्हात उभी राहिली तेव्हा एकेक गोष्ट तिला जागच्या जागी बसताना दिसायला लागली. धाकटा लहानपणी गुरांच्या दवाखान्यात कामाला होता, सुई धरायला शिकला होता. गेले कित्येक दिवस सकाळी दोघे भाऊ तिच्या आधी निघायचे. ती विहिरीवर पोचायची तेव्हा दोघे इंजिनाच्या आडोशाला असायचे आणि ती दिसली की धाकटा काहीतरी खिशात टाकायचा. तिला वाटायचं बिडी असेल. हसून सोडून द्यायची.

विहिरीवर इंजिन चालू होतं. ब्रेकवर बागवाल्याचा गडी बसला होता, त्याला ते धड येत नव्हतं, डोल भिंतीला आपटत होता. धाकटा एकटा खाली दगड बसवत होता. पाटकऱ्यानं दुपारनंतर दार उघडणार असं सांगितलंय, असं गड्यानं सांगितलं.

"डोल रिकामा कर," वहिनी म्हणाली, "आणि मला खाली सोड."

इतक्या वर्षांत ती खाली कधी उतरली नव्हती. मिस्त्री म्हणायचा, वर भरवशाचं माणूस असलं तर खालच्याला देवाची गरज नाही. ती डोलात उभी राहिली, दोर दोन्ही हातांनी धरला. आकाश वर वर जात लहान झालं. मुरमाचा तांबडा पट्टा गेला, मग करडा दगड, मग ओलसर गार वास आला. वाळूचा थर तिच्या डोळ्यांसमोरून गेला. नुसत्या दोराच्या वाऱ्यानं त्यातून बारीक वाळू झरत होती. अर्ध्याला दगडी कडं बसलं होतं, अर्धा उघडा होता.

धाकट्यानं वर पाहिलं आणि तिला ओळखताच त्याच्या हातातली दगड ठोकायची सुतकी खाली पडली.

"वहिनी, वर जा. इथं धोका आहे."

ती डोलातून उतरली. चिखल घोट्यापर्यंत आला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं आणि त्याला मागं सरायला जागा नव्हती. लोकांसमोर ती त्याला नेहमी भावजी, तुम्ही, असं म्हणायची. हा दीर तिच्या लग्नात तिच्या कमरेएवढा होता. नाक पुसायला शिकवलं होतं त्याला तिनं.

"तू किती दिल्यास?" तिनं विचारलं.

त्यानं आधी काय ते समजलं नाही असं दाखवलं. तिनं खोकं त्याच्यासमोर धरलं. वरून इंजिनाचा आवाज येत होता, एवढाच.

"दादा म्हणाला." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला पुढं वाकावं लागलं. "पायातून पुन्हा कळ येत होती. रात्री ताप वाटायचा त्याला. म्हणाला, वाळूचा थर होईपर्यंत चालू ठेव, मग बघू. दुकानात रिकामी बाटली दाखवली की मिळायचं. मी म्हटलं होतं, वहिनीला सांगू. म्हणाला, तिला सांगितलंस तर ती मला घरी बसवेल."

"शेवटची कधी?"

त्यानं पडलेली सुतकी चिखलातून उचलली.

"शेवटची कधी दिलीस?"

"दगड पडला, त्या सकाळी."

"आणि गोळ्या?"

"दुखण्याच्या. दोन-दोन. रोज."

तिचा हात उठला होता. तो तिला स्वतःलाच दिसला, तेव्हा तिनं तो खाली घेतला. धाकटा मार खायला तयार उभा होता, डोळे मिटून. मार बसला नाही म्हणून त्यानं डोळे उघडले आणि मग तो भिंतीला टेकून रडला, तोंड दाबून, कारण विहिरीत रडणं वर फार मोठं ऐकू जातं.

"मला वाटलं उतरेल," तो म्हणाला. "कान, चक्कर, सगळं. मला वाटलं औषध थांबलं तर पाय कुजेल. आणि मग दगड पडला आणि त्याला ऐकूच आलं नाही. तेव्हा समजलं मला. पण तोंड उघडेना."

"आणि सुईवाल्याचं डोकं फोडायला हात कसा उठला?"

त्यानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं.

ती म्हणाली की आता वर चल, डॉक्टरबाईंना औषधाचा हिशेब तुझ्याच तोंडानं ऐकू दे, मला त्यातलं काही नीट सांगता यायचं नाही. त्यानं उघड्या वाळूकडं पाहिलं. दुपारपर्यंत थांबलीस तर एवढा तुकडा आवळून टाकतो, म्हणाला, नाहीतर सगळं जाईल, दादाची एवढी मेहनत, बागवाला आपल्याला दारात उभं करणार नाही, दुसरं कुणी कामाला बोलावणार नाही. तो खोटं बोलत नव्हता. तिलाही ते ठाऊक होतं. वाळू झरत होती, एखाद्यानं मूठ सैल धरावी तशी. तिनंच ब्रेक धरून यातला प्रत्येक डोल वर ओढला होता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "डोलात चढ."

रस्त्यात गिरणी लागली. ती थांबली तसा धाकटाही थांबला. दळणवाल्यांची गर्दी होती, आणि काल त्याच माणसांसमोर त्यानं मर्दुमकी गाजवली होती. तिनं त्याला काही सांगितलं नाही. तो स्वतःच जाऊन सुईवाल्याच्या दारापुढं उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की चूक यांची नाही, यांनी नको म्हटलेल्या सुया मीच दिल्या.  एकानं पोतं उचलून आत नेलं. मागून कुणीतरी हसलं. सुईवाला दारात आला, त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "काचेचं बघ तेवढं." आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. धाकटा मान खाली घालून सांगत होता, कुठली बाटली, किती, रोज कधी. तो बोलणी खायची तयारी करून आला होता, पण त्या लिहीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, की हे आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आता सांगितलं हेही कमी नाही. कारण सापडलं, तुकडा काढायची गरज नाही. औषध बंद झालं आहे. मशीनच्या आधारानं दिवस काढले तर या प्रकारात किडनी बहुतेक वेळा परत चालू होते, पूर्ण नाही तरी पुष्कळ.

"आणि कान?" वहिनीनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी पेन टोपणात घातलं. "किडनी दुरुस्त होते," त्या म्हणाल्या. "कानाची खात्री मी देत नाही."

पाटाला पाणी सुटलं ते त्याच दुपारी. वाळूचा थर बसला, अर्धं कडं घेऊन बसला, हे बागवाला स्वतः सांगायला आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. बोलायला आला होता ते निराळं असावं. मिस्त्रीच्या मानेतली नळी पाहून त्यानं एवढंच विचारलं की गड्यानं सांगितलं तुम्ही दोघं खाली होतात, मग निघालात केव्हा. वहिनीनं सांगितलं. बागवाल्यानं थर बसला ती वेळ मनाशी जुळवून पाहिली, खाटेची दांडी धरली आणि पुढं विहिरीबद्दल अक्षर काढलं नाही. पण जाताना म्हणाला की पुढच्या वर्षी बघू, आणि त्याच्या आवाजावरून तिला कळलं की पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुणाला बोलावणार.

मग वाट बघणं सुरू झालं. वहिनीचे दिवस त्या प्लास्टिकच्या पिशवीभोवती फिरायला लागले. सकाळी डोळा उघडला की आधी खाटेखाली बघायचं. कधी थोडी, कधी काहीच नाही. मशीनवर नेलं की मिस्त्री पिळून काढल्यासारखा परत यायचा आणि थंडीनं कुडकुडायचा. पाणी मोजून द्यायचं होतं. आयुष्यभर लोकांना पाणी लावून दिलेला माणूस घोटभर पाण्यासाठी तिच्याकडं डोळे लावून बसायचा, आणि ती नाही म्हणायची. एकदा त्यानं तोंड धुवायच्या पाण्यातलं पिताना तिनं पकडलं.  तिनं भांडं उचललं, बाहेर नेऊन ओतलं आणि तिथंच उभी राहून रडली.

आणि एका सकाळी पिशवी जड लागली. तिला वाटलं कुणी हात लावला असेल. वाकून पाहिलं तर पाण्यासारखं स्वच्छ, पिवळसर, अर्ध्याच्या वर. तिनं परिचारिकेला बोलावलं, परिचारिकेनं डॉक्टरबाईंना. शेजारचा म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, लागलं का पाणी एकदाचं. सगळी खोली हसली. मिस्त्रीला काय चाललंय ते समजेना, तो एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

धाकट्यानं तेव्हाच ठरवलं असावं. दुपारी तो खाटेजवळ येऊन बसला आणि मिस्त्रीच्या कानाशी तोंड नेऊन एकेक गोष्ट ओरडून सांगायला लागला. विहीर गेली. वहिनीला सगळं समजलं. सुया दिल्या ते मी डॉक्टरबाईंना सांगितलं, गिरणीवर लोकांना सांगितलं. माझ्यामुळं तुझे कान गेले, दादा. सगळा वॉर्ड ऐकत होता, आणि धाकट्याचे कान लाल झाले होते, पण तो थांबला नाही.

मिस्त्रीला त्यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. त्यानं भावाच्या मानेवर हात ठेवला आणि हळूच दाबला.

"तुला सुई दे कुणी म्हटलं होतं?" तो म्हणाला. "कंबर माझी होती ना."

मग त्यानं वहिनीकडं पाहिलं. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. इतके दिवस तिनं याबद्दल तोंडातून शब्द काढला नव्हता. आधी त्याचा जीव राहतो की नाही हेच कळत नव्हतं, आणि त्यानंतर बोलायला माणूस थकलेला होता. आता पिशवी भरली होती, आणि तिच्या आत जे काही कोंडलं होतं त्याची वाटही मोकळी झाली. ती बोलायला लागली. मला न सांगता, माझ्या पाठीमागं, मी ब्रेक धरून उभी असताना तुम्ही ऐकू येत नाही हे ठाऊक असून खाली उतरत होतात, आणि माझ्या हातून तुमच्या डोक्यात दगड पडला असता तर मी काय तोंड घेऊन जगले असते. ती भराभरा बोलत होती, श्वास न घेता, आणि आवाज चढत होता.

मिस्त्री तिच्या ओठांकडं बघत होता, कपाळाला आठ्या घालून, नवीन जमिनीचा अंदाज घेताना बघायचा तसा. तिचं बोलणं थांबलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"सावकाश बोल," तो म्हणाला. "मला सगळं पाहिजे. काही गाळू नको."

तिनं पुन्हा तोंड उघडलं. पण राग सावकाश बोलता येत नाही. पहिलाच शब्द तिनं ओठ नीट हलवत, एकेक अक्षर सुटं करून म्हटला, आणि तो शब्द होता "मला". तो मान हलवून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. तिनं स्टूल ओढलं, त्याच्या समोर, उजेडाकडं तोंड करून बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.